हळू धावण्याचे धाडस

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. पण ती धावणाऱ्या हौशी माणसाच्या डोक्यात किलोमीटरपेक्षा तासांचे आकडे अधिक घोळत असतात. पाच तास, साडेचार, चार. जिद्द दांडगी असेल तर साडेतीन किंवा तीन. मुंबई-पुण्याच्या रनिंग ग्रुपमध्ये ‘सब-फोर’ला, म्हणजे चार तासांच्या आत येण्याला, पूर्वी परीक्षेतल्या पहिल्या वर्गाला असायचा तसा मान आहे. हे गोल आकडे माणसाला किती जोराने खेचतात, याचा पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात सुमारे ९८ लाख मॅरेथॉनची टायमिंग तपासली. चार तास पूर्ण होण्याच्या आधीच्या काही मिनिटांत शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली आणि चार तास उलटल्याबरोबर ती एकदम ओसरली. तीन आणि साडेतीन तासांच्या आसपासही असेच चित्र होते. म्हणजे अंगातले त्राण संपत आलेले असतानाही, नुसता एक आकडा समोर दिसतो म्हणून हजारो माणसे शेवटच्या दोन किलोमीटरांत स्वतःला ओढून नेतात. यात हसण्यासारखे काही नाही. नोकरी, घर, लोकलचा प्रवास सांभाळून पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला असा एखादा आकडा लागतोच.

अडचण वेगळी आहे. शर्यतीच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत जो आकडा बळ देतो, तोच सरावाच्या चार-सहा महिन्यांत बहुतेकांचे नुकसान करतो. चार तासांच्या आत यायचे तर प्रत्येक किलोमीटर सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंदांत कापावा लागतो. हा हिशेब एकदा घड्याळात शिरला की रोजचे धावणे त्याच्याशीच ताडून पाहिले जाते. साडेसहा मिनिटांच्या पेसने घातलेला तासभर वाया गेल्यासारखा वाटतो. मग प्रत्येक दिवशी थोडे जास्त जोरात, थोडे दम लागेल असे धावणे सुरू होते. ते फार वेगवानही नसते आणि फार संथही नसते. रोज थकवते, पण फारसे घडवत नाही. माझे म्हणणे असे आहे की ज्याला आपली वेळ खरोखर सुधारायची आहे त्याने आठवड्यातले बहुतेक किलोमीटर आपल्या लक्ष्याच्या वेगापेक्षा स्पष्टपणे हळू धावले पाहिजेत. हे ऐकायला सोपे आहे. पाळायला मात्र सगळ्या मॅरेथॉन-सरावात याहून अवघड पथ्य दुसरे नाही.

ही कल्पना आजची नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात चपला-बुटांच्या कारखान्यात काम करणारे आर्थर लिडियार्ड स्वतः हौशी धावपटू होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले: आठवड्याला किती धावले तर काय होते, कधी जास्त होते, कधी कमी पडते. त्यातून ते आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, दमसास टिकवून धावण्याच्या पद्धतीवर स्थिरावले. वेगाचा सराव त्यानंतर, शर्यत जवळ आली की. शेजारपाजारच्या मुलांना त्यांनी हीच पद्धत शिकवली. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दुपारी सुवर्णपदके जिंकली: पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरमध्ये. तिसरा शिष्य बॅरी मॅगी याच स्पर्धेत मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. यातले स्नेलचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपणाऱ्या शर्यतीसाठी तो माणूस ऑकलंडच्या पश्चिमेकडच्या वायटाकेरे डोंगरांत ३५ किलोमीटरची लांब फेरी मारत असे. लिडियार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या, काही तर हृदयविकार होऊन गेलेल्या माणसांनाही गप्पा मारत सावकाश धावायला लावले. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले असता हा प्रकार पाहून थक्क झाले आणि मायदेशी परतून त्यांनी जॉगिंगचा प्रसार केला. सामान्य माणसाचे धावणे आणि ऑलिंपिक विजेत्याचे धावणे यांचे मूळ एकच आहे, आणि ते मूळ संथ आहे.

संथ धावण्याने शरीरात काय घडते? स्नायूंच्या पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. आणि मॅरेथॉनच्या दृष्टीने कळीची गोष्ट म्हणजे त्याच वेगाला शरीर चरबी अधिक आणि साखर कमी जाळायला शिकते. धावताना एक किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २७०० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली ऊर्जा ढोबळमानाने २००० किलोकॅलरींच्या आसपास असते. चरबीचा साठा भरपूर असला तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, म्हणून वेग वाढवला की शरीर ग्लायकोजेनवर तुटून पडते. तो संपत आला की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपाशी पाय अचानक जड होतात; धावपटू त्यालाच ‘वॉल’ म्हणतात. ही वॉल मनाच्या जोरावर फोडता येते असे पुष्कळ जण सांगतात. मनाचा जोर लागतो हे खरे, पण तिथे उणीव इंधनाची असते, आणि इंधन काटकसरीने वापरण्याची सवय महिनोन्‌महिने सावकाश धावूनच लागते. शिवाय दम जितक्या लवकर वाढतो तितक्या लवकर स्नायुबंध आणि हाडे मजबूत होत नाहीत. छाती तयार झाली म्हणून माणूस वेग वाढवतो आणि गुडघा, नडगी किंवा टाच मागेच राहिलेली असते. जानेवारीतल्या कितीतरी शर्यती सरावातच, डिसेंबरमध्ये संपतात त्या यामुळे.

एवढे सगळे अव्वल खेळाडूंना लागू असेल, आम्हा नोकरदारांचे काय, असा प्रश्न इथे येतो. तो रास्त आहे. नॉर्वेत संशोधन करणारे स्टीफन सायलर यांनी नौकानयन, स्कीइंग, धावणे अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. साधारण ८० टक्के सराव हलका आणि उरलेला २० टक्के कठीण, असे प्रमाण त्यांना पुन्हा पुन्हा दिसले. पण ती माणसे आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करतात. एवढे तास रोज जोरात धावणे कुणालाच शक्य नाही, म्हणून त्यांचे ८० टक्के हळू असणे अपरिहार्य आहे. ज्याच्याकडे आठवड्याला जेमतेम पाच तास आहेत त्याने ते तास जोरातच का वापरू नयेत? या आक्षेपाला नुसत्या तत्त्वाने उत्तर देता येत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० हौशी धावपटूंचे दोन गट करून त्यांना दहा आठवडे सराव दिला गेला: एका गटाला बहुतेक हलका आणि थोडा खूप कठीण, दुसऱ्याला बराचसा मध्यम-कठीण. दहा किलोमीटरच्या वेळेत पहिला गट सरासरी ५ टक्क्यांनी सुधारला, दुसरा ३.६ टक्क्यांनी. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा इतका मोठा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्यांनी आपापली पद्धत नेमकेपणाने पाळली, त्यांच्यात अंतर बरेच रुंदावले. कमी वेळात सराव करणाऱ्याचेही हळू धावण्याने नुकसान झाले नाही, एवढे तर त्यावरून नक्की दिसते.

याहून बोलका पुरावा अलीकडचा आहे. घड्याळे आणि मोबाइलमध्ये नोंदलेल्या सरावावरून एक लाखाहून अधिक धावपटूंच्या मॅरेथॉनपूर्वीच्या सोळा आठवड्यांचे विश्लेषण २०२४ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत वेगवान धावपटू संथ धावपटूंच्या तिपटीहून अधिक अंतर धावत होते, यात आश्चर्य नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. हे वाढीव अंतर जवळजवळ सगळे हलक्या तीव्रतेचे होते. मध्यम आणि कठीण धावण्यात घालवलेला वेळ वेगवेगळ्या गटांत फारसा वेगळा नव्हता. म्हणजे साडेतीन तासांत येणारा माणूस साडेचार तासांत येणाऱ्यापेक्षा अधिक जीव काढून सराव करतो असे नाही. तो हळू जास्त धावतो. अर्थात, वेगवान माणसाला जास्त किलोमीटर झेपतात म्हणून तो जास्त धावतो, असे उलटेही म्हणता येईल, आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. एवढ्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण शरीरशास्त्र, लिडियार्डपासूनचा साठ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि ही आकडेवारी एकाच दिशेला बोट दाखवत असताना, उलटी वाट धरायची तर तिच्या बाजूने तसाच भक्कम पुरावा हवा. तो मला दिसत नाही.

वेगाचा सराव सोडून द्या, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावणे) किंवा टेम्पो (सलग, ठरावीक जोराने धावणे) हवाच आणि शेवटच्या दोन महिन्यांत लाँग रनचा काही भाग शर्यतीच्या पेसने धावायला हवा. फक्त तो दिवस ताज्या पायांनी यावा, आणि पाय ताजे राहतात ते आदले दिवस खरोखर हलके असले तरच. कार्बन प्लेटचे बूट, जेल, घड्याळातले नवे आलेख यांचा थोडाफार उपयोग आहे. त्यावर होणारी चर्चा मात्र उपयोगाच्या कैक पट आहे.

महाराष्ट्रात तर संथ धावण्याचे एक जास्तीचे कारण आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव जून-जुलैत सुरू होतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबर हीटमध्ये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते, स्नायूंना कमी उरते, आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढत जातात. डिसेंबरात नाशिकला हलका वाटणारा वेग सप्टेंबरात दादरला कठीण असतो. अशा वेळी घड्याळातल्या पेसला चिकटून राहणे म्हणजे हलका दिवस नकळत कठीण करणे होय. त्यापेक्षा साधी कसोटी बरी: धावता धावता पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. सोबत कुणी नसेल तर मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने बोलून पाहावे. वाक्य मध्येच तुटले तर वेग कमी करायचा. वेळ पडली तर चालायचे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या निमित्ताने यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्यांना हे चढच शिकवतो. सपाट रस्त्यावर मात्र ते स्वतःला शिकवावे लागते, आणि ग्रुपमधले सगळे पुढे जात असताना मागे राहायला धाडस लागते.

राहिला तो लक्ष्याचा आकडा. मोठे लक्ष्यच काढून घेतले तर माणूस पहाटे उठेल कशाला, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लक्ष्य जरूर असावे, पण ते सरावातून वर आलेले असावे. त्यासाठी हाफ मॅरेथॉनचे टायमिंग हे चांगले साधन आहे. अमेरिकन अभियंता पीटर रीगल यांच्या प्रसिद्ध सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८५ पट होतो. एक तास ५५ मिनिटांत हाफ धावणाऱ्याला हे सूत्र पूर्ण मॅरेथॉनसाठी ३ तास ५९ मिनिटे ४६ सेकंद देते. सब-फोरचे स्वप्न पाहणाऱ्याला याहून गोड उत्तर कोणते? पण हौशी धावपटूंच्या प्रत्यक्ष वेळा तपासणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासात या सूत्राने मॅरेथॉनसाठी निम्म्या धावपटूंना किमान दहा मिनिटे जास्त आशा दाखवली, असे आढळले. कारण सूत्र असे गृहीत धरते की माणसाची तयारी दोन्ही अंतरांना सारखीच आहे. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावून हाफ उत्तम होते, फुल नव्हे. फुलच्या शेवटच्या बारा किलोमीटरांचा हिशेब तेवढ्यात चुकता होत नाही.

म्हणून नोव्हेंबरात १ तास ५५ मिनिटांची हाफ धावलेल्याने जानेवारीत चार तास दहा मिनिटांचा पेस धरून निघावे, असे मी म्हणेन. मुंबई मॅरेथॉनमध्ये चार तासांचा पेस धरून निघणाऱ्याला परतताना ऊन लागते, आणि तेही नेमके थकल्यावर. अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार टायमिंगच्या अभ्यासात उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी घटला, स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. संशोधकांच्या मते यामागे शरीराच्या फरकाबरोबरच सुरुवातीला घेतलेल्या जोखमीचाही वाटा असावा. समान पेसने संपवलेली चार-दहा हे अपयश नव्हे. पहिल्या एका मोसमात वाढलेल्या केशवाहिन्या आणि मजबूत झालेले स्नायुबंध सराव चालू ठेवला तर पुढच्या मोसमातही कामाला येतात. आठवड्याचे पस्तीस किलोमीटर पुढच्या पावसाळ्यात पन्नास होतात, तेही न दुखावता. तेव्हा तोच माणूस १ तास ५० मिनिटांची हाफ धावून आला, तर रीगलचे सूत्र त्याला ३ तास ४९ मिनिटे देते आणि सूत्राच्या चुकीची दहा मिनिटे मिळवूनही चार तासांच्या आत अर्धे-एक मिनिट शिल्लक राहते.