इंजिनाचा दम

नरक चतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात बंबाखाली जाळ फुललेला, आणि अंगणात मात्र ट्रॅक्टरचे इंजिन पेटायचे नाव घेत नाही! स्टार्टर घरघरतो, धुराड्यातून पांढरा धूर निघतो, बॅटरीचा जीव अर्धा होतो. अखेर चार पोरे गोळा करून यंत्र उतारावर ढकलावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडच्या काळ्या जमिनीत जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या घराला हा देखावा नवा नाही. "इंजिन बसलं जी, बांधा लागते," असा निकाल कोणीतरी देऊन मोकळा होतो. इकडे कापूस अजून बोंडात, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आणि डोक्यावर कर्ज. तेव्हा निकालाआधी साक्षीपुरावा घेतलेला बरा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेने इंधन पेटावे, ही रुडॉल्फ डिझेलची युक्ती. १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीला उतरले. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते ना? तोच हा प्रकार. सोळा-सतरा घागरी हवा एका घागरीत कोंबली, की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. हा दाब कुठे गळला, तर डिझेल न जळताच पांढरा धूर होऊन बाहेर पडते.

पण दम गेल्याचे सोंग दुसरे बिघाडही आणतात. बॅटरी उतरलेली, डिझेलच्या नळीत हवा शिरलेली, हवेची गाळणी तुंबलेली, किंवा टॅपेटची फट इतकी कमी, की झडप पुरती मिटतच नाही. आधी ही स्वस्तातली कामे पाहावीत.

मग नोझल काढून त्या भोकात दाबमापक बसवावा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, डिझेल बंद. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. शेजारचे दोन कमी भरले, तर संशय हेड गॅस्केटवर; एकच कमी भरला, तर झडप किंवा रिंग; सगळेच सारखे उतरले असतील, तर झीज सार्वत्रिक.

खरा चोर सापडतो तो कानाने! पिस्टन अगदी वर, दोन्ही झडपा बंद, अशा स्थितीत इंजिन अडवून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडावी. हवेच्या जोराने इंजिन फिरू शकते, म्हणून पंखा-पट्ट्यापासून हात दूर. फुसफुस सायलेन्सरमधून आली, तर धुराची झडप गळते. हवेच्या गाळणीतून आली, तर आतली. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले, तर गॅस्केट फुटले किंवा हेड तडकले. ऑइल भरायच्या तोंडातून वारा सुटला, तर रिंगा आणि लायनर झिजले.

झडप किंवा गॅस्केटचा दोष असेल, तर हेड उतरवून काम भागते. पिस्टन-लायनरचा खर्च वाचतो. रिंगाच गेल्या असतील, तर मात्र इंजिन बांधणे भाग आहे. पण तो खर्च डोळसपणे केलेला असतो.

आणि रिंगा खाते कोण? उन्हाळी नांगरटीत उडणारी आपलीच धूळ! जुन्या ट्रॅक्टरच्या गाळणीखाली तेलाची वाटी असते. तेल गढूळ झाले, की ती पुसून नवे तेल भरावे. लक्ष्मीपूजनाला यंत्राला हळदकुंकू वाहताना ती वाटीही एकदा उघडून पाहा.