पैसा मंजूर, घर उघडंच

हार्वे वादळ 25 ऑगस्ट 2017 ला टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढचे काही दिवस आमच्या ह्यूस्टनवर नुसतं कोसळत राहिलं. काही भागांत चाळीस इंचांहून जास्त पाऊस झाला. इथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. पुराचं पाणी शिरलं की त्यांना बुरशी धरते, म्हणून चार फुटांपर्यंत भिंत कापून टाकावी लागते. ईशान्य ह्यूस्टनमध्ये मी लोकांचे फॉर्म भरून द्यायला जात असे. वादळाला वर्ष उलटलं तरी तिथे अशी घरं होती: खाली नुसते लाकडी खांब, वर जुना रंग आणि भिंतीवर नातवंडांचे फोटो.

त्यातल्या एका आजींचं घर त्यांच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन जमाना झाला, वारसनोंद कुणी केलीच नव्हती, भावंडं तीन राज्यांत पांगलेली. मालकीचा कागद नाही म्हणून मदतीचा अर्ज परत आला. ‘‘घर माझं नाही, तर पाणी कुणाच्या घरात शिरलं?’’ असं त्या मला विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेत आपत्तीनंतर पहिली धावून येते ती ‘फेमा’, म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था. पण तिची मदत तात्पुरती. हार्वेच्या वेळी एका कुटुंबाला जास्तीत जास्त 33,300 डॉलर मिळू शकत होते, आणि बहुतेकांच्या हाती त्याहून खूपच कमी पडले. मग सरकारी कर्ज. ते फेडण्याची ऐपत ज्याची नाही, त्याला उरतो तिसरा आधार: केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचं पुनर्वसन अनुदान. पडकी घरं बांधणं, भाड्याची घरं पुन्हा उभी करणं, गटारं आणि रस्ते दुरुस्त करणं, हे सगळं यातून होतं.

या अनुदानाला कायमचा कायदाच नाही. दर मोठ्या आपत्तीनंतर काँग्रेस, म्हणजे इथली संसद, वेगळी रक्कम मंजूर करते, खातं त्या रकमेपुरते नियम नव्याने काढतं, राज्य आराखडा करतं, त्यावर हरकती मागवल्या जातात, मग करार होतो. हार्वेनंतर दोन आठवड्यांच्या आत काँग्रेसने पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या वाट्याचे 5 अब्ज डॉलर जाहीरही झाले. आणि जानेवारी 2019 पर्यंत त्यातले उचलले गेले होते सुमारे 1 कोटी 80 लाख, तेही कारभार आणि नियोजनासाठी. हा आकडा काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेचा आहे. कायमचा कायदा करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारसही तिने त्याच अहवालात केली.

त्यासाठीचं विधेयक ह्यूस्टनचेच प्रतिनिधी अल ग्रीन आणि मिसूरीच्या अ‍ॅन वॅग्नर यांनी मांडलं. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. नोव्हेंबर 2019 मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. जुलै 2025 मध्ये तोच विषय गृहनिर्माणाच्या एका मोठ्या विधेयकात आला आणि सिनेटच्या समितीत 24 विरुद्ध 0 मतांनी पुढे गेला. समितीनंतरचा रस्ता लांबच असतो. गाभा साधा आहे: नियम आपत्तीआधीच ठरलेले असावेत, कायमस्वरूपी निधी असावा आणि त्यात अल्प व मध्यम उत्पन्नवाल्यांना झुकतं माप मिळावं.

मला हा कायदा मनापासून हवा आहे. पण नियम नुसते लवकर येऊन भागत नाही, ते न्याय्यही असावे लागतात. कतरिना वादळानंतर लुइझियानाने घरांना मदत देताना दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळाआधीची किंमत यांतली कमी रक्कम धरली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती मुळातच कमी. त्यामुळे तेवढंच छप्पर, तेवढ्याच भिंती बांधायला त्यांच्या हाती कमी पैसे आले. कोर्टकचेरी होऊन 2011 मध्ये तडजोड झाली, तोवर सहा वर्षं गेली होती. म्हणून मदत दुरुस्तीच्या खर्चावरच ठरेल आणि वीजबिल, कराच्या पावत्या, शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र हा राहत्या घराचा पुरावा मानला जाईल, हे कायद्यातच स्पष्ट लिहायला हवं. आणि निधीत पैसे काँग्रेसलाच घालावे लागणार. ते वादळ येण्याआधी घातले, तर त्या आजींसारख्यांची भिंत पहिल्या वर्षातच पुन्हा उभी राहू शकेल.