ओवाळणीच्या ताटात सुगंध

पाडव्याला ओवाळून झालं की ताटात काय ठेवायचं, हे नवरेमंडळींना बहुधा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठवतं. साडी घ्यायची तर तिलाच बरोबर न्यावं लागतं, आणि सोन्याच्या भावाकडे तर बघवत नाही. उरतो परफ्यूम. मग ओझरच्या मिग वसाहतीतला माणूस गाडी काढून वीसेक किलोमीटरवरचं नाशिक गाठतो, काउंटरवर कागदाच्या पट्ट्या हुंगतो आणि चौथ्या-पाचव्या पट्टीनंतर नाक बधिर झालं की त्यातल्या त्यात देखणी बाटली उचलतो. ती पुढे कपाटात तशीच पडून राहते.

घोळ इथेच आहे. वास त्यानं स्वतःच्या नाकाला विचारून घेतलेला असतो! ही खरेदी खरं तर आठ दिवस आधी घरातच सुरू व्हायला हवी, तीही गुपचूप. ती कोणता साबण पुन्हापुन्हा आणते? गजरा मोगऱ्याचा घेते की बिनवासाची अबोली माळते? उटण्यातला नागरमोथा, कपूरकाचरी तिला आवडते की नुसती चालते? गाडीतल्या फ्रेशनरनं तिचं डोकं उठत असेल किंवा तिला दमा असेल, तर परफ्यूमचा नाद सोडावा आणि साडीच्या दुकानात जावं.

‘गुलाब आवडतो’ एवढ्या माहितीवरही भागत नाही. मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. आजही ओझरशेजारी जानोरीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो, पण तो लांब दांडीसाठी आणि टिकण्यासाठी निवडलेला. वास असून नसल्यासारखा. तिच्या मनातला गुलाब माहेरच्या अंगणातला गावठी असेल, तर त्याच्या जवळ जाणारा वास परफ्यूमपेक्षा अत्तरात सापडण्याची शक्यता जास्त.

त्यासाठी अत्तरवाल्याकडे जावं. तो काचेच्या काडीनं हाताच्या पाठीवर थेंब लावतो आणि घाई करत नाही. कनौजच्या अत्तराला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. सगळा वास त्या तेलात मुरतो. अशा अत्तरात अल्कोहोल नसतं, कानामागे एक थेंब पुरतो. मात्र चंदन महागल्यापासून पॅराफिनवरही अत्तरं बनतात, तेव्हा तेल कशाचं ते स्पष्ट विचारावं.

परफ्यूमच घ्यायचा तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ‘ओ द पार्फम’मध्ये सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के असतो, ‘ओ द टॉयलेट’मध्ये त्याहून कमी, ‘कोलोन’मध्ये अगदीच थोडा. किमतीतला फरक काही अंशी त्याचा असतो, बराचसा नावाचा. पट्टीवरचा पहिला वास बहुधा लिंबू-संत्र्याचा असतो आणि पंधरा-वीस मिनिटांत उडतो; विक्रेत्याची सगळी मदार त्यावरच. मनगटावर फवारा घेऊन, न घासता, बाहेर चहा पिऊन यावं. तास-दीड तासानं जे उरतं तेच ती दिवसभर अंगावर वागवणार. तरीही तिच्या त्वचेवर तो वास थोडा वेगळा लागेलच, म्हणून पहिल्यांदा छोटी बाटली घ्यावी.

हंगामाचं भान हवंच. ओझर निफाड तालुक्यात येतं, आणि हिवाळ्यात राज्यातलं नीचांकी तापमान किती तरी वेळा निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदलं जातं. थंडीत वास अंगावरून सावकाश उडतो. दिवाळीनंतरच्या दिवसांत हिना, ऊद, चंदन असे जड वास शोभतात. वाळा चैत्रासाठी राखून ठेवावा. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नये, ऊन आणि उष्णतेनं अर्क बिघडतो.

आणि पाडव्याच्या संध्याकाळी उत्साहाच्या भरात पाटावरूनच फवारा मारू नये. स्प्रेच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं आणि ताटात निरांजन पेटलेलं असतं. ताट देवापुढे गेलं की मग झाकण उघडावं.