गाडीचे बूट बदलताना

आमची डिझायर २०१८च्या दसऱ्याला घरी आली. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. लिंबाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, चाकाकडे मात्र कुणी बघितलं नाही. पुढची सात वर्षंही नाही.

आता मुलुंडला राहणारा आणि अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस रोज गाडी काढत नाही. घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो, हे २०१४पासून ठरलेलं गणित. गाडी बिचारी सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये ऊन खात उभी. रविवारी मॉल, कधी लोणावळा, आणि वर्षातून एकदा गणपतीला संगमेश्वर. सात वर्षांत जेमतेम चौतीस हजार किलोमीटर. टायरची नक्षी एकदम शाबूत! त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये मी टायर बदलायचा विषय काढला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फ्रीज फेकून द्यायला निघालोय.

विषय निघाला तो पवईजवळच्या एका खड्ड्यामुळे. २०२५चा तो स्वातंत्र्यदिनानंतरचा आठवडा आठवतोय ना? मुंबईत पाऊस नुसता कोसळत होता. जेव्हीएलआरवर पाण्याखाली खड्डा होता, तो मला चाक आत गेल्यावरच दिसला. घरी येऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढं टेंगूळ.

गणपती २७ ऑगस्टला. कोकणात जायचं तर आई, बाबा, बायको आणि अडीच वर्षांची लेक, सगळे याच गाडीत.

पण मधे आला जीएसटी. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत कर कमी होणार. टायरवर तेव्हा २८ टक्के. ते १८वर येतील, अशी चर्चा सगळ्या चॅनलांवर. बाबा रिटायर्ड बँकवाले, त्यांनी लगेच कागद घेतला. पाच हजार शंभरचा टायर चार हजार सातशेला मिळेल, म्हणजे चार टायरमागे सोळाशे रुपये. ‘‘तो फुगलेला एक बदल. बाकीचे दिवाळीत बघू,’’ विषय बंद.

मी गेलो तळमजल्यावरच्या काकांकडे. काका भांडुपच्या सिएटमध्ये आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेले. (सिएट हे नाव इटालियन आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. १९२४ साली तुरीनमध्ये विजेच्या केबल्स बनवणारी कंपनी म्हणून सुरुवात, मुंबईत १९५८ साली आली, १९८२ पासून आरपीजी समूहाकडे. आपण ट्रेनमधून भांडुप जाताना नुसता बोर्ड बघतो.) काका लुंगीवरच खाली आले, चष्मा कपाळावर चढवला आणि टायरची नक्षी सोडून त्याच्या कडेवरची अक्षरं वाचायला लागले.

‘‘हे बघ. ३२१८. म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. तुझी गाडी दसऱ्याची, टायर ऑगस्टमधला. सात वर्षं झाली रे याला.’’

मग त्यांनी कडेचं रबर अंगठ्याने ताणून दाखवलं. आत बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. चाललेलं नसलं तरी रबर म्हातारं होतंच. ऊन आणि हवा त्याला कडक करतात. मिशेलिनसारखी कंपनी सांगते की पाच वर्षं वापरल्यावर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी, कसाही दिसत असला तरी, काढून टाका. म्हणजे सात हे काही लगेच मरणाचं वय नाही, हे काकांनीही कबूल केलं. पण भेगा, त्यात पाऊस, त्यात पाच माणसं आणि सामान! टेंगळाबद्दल तर त्यांनी चर्चाच केली नाही. ‘‘आतले धागे तुटलेत. हा पंक्चरवाल्याकडे न्यायचा नाही, भंगारात घालायचा.’’

नक्षीचं सांगायचं तर खोबणीत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. कडेवर टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोण दिसतो, तिथे सरळ आत बघा. रबर झिजून त्या पट्टीला टेकलं की उरली १.६ मिलिमीटर, कायद्याची शेवटची पायरी. काकांचं मत, आपल्या पावसात तीनवर आल्यावरच निरोप द्यावा, कारण चाकाखालचं पाणी बाहेर काढायचं काम त्या खोबणीचंच. पाणी निघालं नाही की टायर त्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग नुसतं हातात राहतं.

ऑफिसमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या टीममधल्या एका कारवेड्याने सांगितलं, ‘‘१६५ काय घालतोस यार, १८५/७० टाक, गाडी रस्त्याला चिकटते!’’ आमचा मूळ साइज १६५/८० आर १४, ८५ टी. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १४ इंची. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो उचलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालतो (माणगावच्या ट्रॅफिकमध्ये याचा उपयोग किती, विचारू नका). कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर १८५/७०चा एकूण व्यास आपल्यापेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर कमी, म्हणजे बसेल. कोरड्या रस्त्यावर पकडही वाढेल. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि पेट्रोलही जास्त पितो. मला रस्त्याला चिकटायचंय ते पावसात. ओरिजिनल साइजच पक्का.

शनिवारी एलबीएस रोडवरच्या एका दुकानात गेलो, बाबा बरोबर. दुकानदार पहिलं वाक्य बोलला, ‘‘साहेब, लाँग लाइफवाला घ्या, लाखभर किलोमीटर बघायला नको.’’ बाबा खूश. पण मी म्हटलं, आमची गाडी वर्षाला पाच हजार चालते. लाख व्हायला वीस वर्षं लागतील! त्याआधीच रबर म्हातारं होणार. जास्त टिकणाऱ्या टायरचं रबर बहुतेक वेळा कडक, ओल्या रस्त्यावर पकड त्यामानाने कमी. रोज अंधेरी-ठाणे करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. आपण घ्यावा तो ओल्यातली पकड चांगली असलेला, भले चाळीस हजारच चालो. हे सगळं बोलताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. बाबांनी फक्त ‘हं’ केलं. आमच्या घरात याला मंजुरी म्हणतात.

पोऱ्याने चार टायर गडगडत आणले. मी वाकून कोड वाचला, ०९२३. अडीच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल! दुकानदार म्हणाला, ‘‘नवीनच आहे हो, कागद पण निघाला नाहीये. तीनशे कमी करतो.’’ खरं तर एखादं वर्ष जुना असेल तर काही बिघडत नाही, पण इथे अर्धं तारुण्य दुकानातच गेलं होतं. मी नाही म्हटलं. अर्ध्या तासात दुसरीकडून २२२५ आले. म्हणजे मिळतात, मागावे लागतात.

आता दोन की चार? बाबांचा शेवटचा प्रयत्न, ‘‘दोनच घे, पुढे लाव, पुढची जास्त झिजतात.’’ दुकानदारानेही मान डोलावली. इथे काकांचा धडा कामी आला. दोनच घेतले तरी नवे मागेच लावायचे, भले गाडी पुढच्या चाकांवर ओढली जात असो. ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढून सावरता येतं. मागचं घसरलं तर गाडी गिरकी घेते आणि आपल्यासारख्या माणसाला ती सावरत नाही. हे ऐकून बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग खिशातून कार्ड काढलं. ‘‘मागे नात बसणार ना? चारही घाल.’’

चारचे वीस हजार चारशे. त्यात नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून घेतलं. नवीन टायरवर जुना व्हॉल्व्ह ठेवू नका, हवा तिथूनच जाते. नायट्रोजनचा वेगळा चार्ज मात्र नाकारला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आयताच असतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा थंड टायरची हवा, ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे, तपासलेली बरी. डिकीतली स्टेपनी एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती. कोड वाचला तर तीही २०१८चीच. पैसे संपले होते. काकांनी तिला जवळच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती परवानगी दिली.

एक जुना टायर कुंडी करायला गच्चीवर न्यायचा आईचा बेत होता. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिकेचे लोक डासांसाठी असले टायर उचलून नेतात, हे आठवून दिल्यावर तो बारगळला.

२५ तारखेला पहाटे चारला निघालो, टोलमाफीचा पास काचेला. माणगावला व्हायचा तेवढा उशीर झालाच. कशेडीचा बोगदा ओलांडला आणि पाऊस असा आला की वायपर हरले. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला, मीही मारला. गाडी सरळ थांबली, मधे एका म्हशीएवढं अंतर ठेवून. मागे लेक झोपलेलीच होती.

बाबा काही बोलले नाहीत. २२ सप्टेंबरला टायरवरचा जीएसटी खरोखरच १८ टक्के झाला, त्या सकाळी मात्र चहाबरोबर पेपर माझ्यापुढे सरकवला. बातमीखाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘‘₹ १,६००’’. आणि बाजूला, ‘‘स्टेपनी आता घे.’’