जुन्या बोटीतला बर्फ लवकर का वितळतो? थर वाढवण्याआधी हे तपासा

आमच्या पालेगावात समुद्र नाही, त्यामुळे "तुला बोटीतलं काय कळणार?" असं माझे दाजी गमतीने म्हणतात. ते अलिबागकडचे. त्यांची लाकडी बोट जुनी आहे, एके काळी शिडावर चालायची, आता डिझेल इंजिनावर चालते. बर्फ आणि मासे ठेवायला तिच्यात एक पक्का बसवलेला खण आहे. तक्रार एकच: बर्फ तिसऱ्या दिवशी संपतो, मासळी मऊ पडते आणि भाव उतरतो. "आतून थर्माकोलचा अजून एक थर लावून दे," ते म्हणाले. मी अंबरनाथहून शीट घेऊन गेलो आणि लावून दिला.

ते काम फसलं. पहिली चूक तर तासाभरातच दिसली. थर्माकोलवर फायबरग्लास करायला आम्ही नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन वापरलं. त्या रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीनमध्ये थर्माकोल विरघळतो. शीटला खड्डे पडले. थर्माकोलवर इपॉक्सी चालतं, पॉलिएस्टर नाही. पण खरी चूक वेगळीच होती: आधीचा थर कोणत्या अवस्थेत आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

बर्फ नेमका किती वितळतो?

0 अंशावरचा 1 किलो बर्फ वितळवायला साधारण 334 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे खणाच्या भिंतींतून दिवसाला किती उष्णता आत येते हे कळलं, की बर्फाचा हिशोब लागतो. दाजींचा खण आतून 120 × 80 × 80 सेंटिमीटर आहे, म्हणजे सगळ्या बाजू मिळून सुमारे 5 चौरस मीटर. बाहेर 30 अंश, आत 0, आणि भिंतीत 5 सेंटिमीटर कोरडा थर्माकोल धरला, तर दिवसाला साधारण 29 किलो बर्फ फक्त भिंतींमुळे जातो. त्याच जाडीत चांगला पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम असेल, तर साधारण 20 किलो. मासे थंड करायला लागणारा बर्फ यात धरलेला नाही.

हे झालं कोरड्या थराचं. उष्णता अडवते ती फोममधल्या बारीक पोकळ्यांत अडकलेली हवा किंवा वायू. तिथे पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी पफच्या वीस-पंचवीस पट सहज उष्णता वाहून नेतं. आणि जुन्या बोटीत पाणी शिरतंच. कधी आतल्या अस्तराच्या तड्यातून, कधी नुसत्या दमट हवेतून. बाहेरची गरम, दमट हवा थंड भिंतीकडे सरकते आणि तिथे तिचं पाणी होतं, थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसं. म्हणून बाष्प अडवणारा थर फोमच्या बाहेरच्या, गरम बाजूला हवा. आतून कितीही रंग मारा, बाहेरून वाट मोकळी असेल तर फोम हळूहळू पाणी पितोच.

ओल कशी ओळखायची?

खणाच्या आतून, अगदी खालच्या बाजूला छोटं भोक पाडा. भुगा कोरडा आला तर ठीक. ओला आला किंवा पाणी ठिबकलं, तर वरून थर लावण्यात काही अर्थ नाही. तुकडा कापून वजन केलं तर आणखी स्पष्ट होतं. चांगल्या पफचा एक घनफूट साधारण 1 किलो भरतो. तोच 5 किलो भरला तर त्यात चार लिटर पाणी आहे! आमच्याकडे तळाचा थर्माकोल तर हाताने पिळता येत होता.

(चकचकीत फॉइलबद्दल लोक विचारतात. फॉइल किरणांची उष्णता परतवते, पण तिच्यासमोर हवेची फट हवी. दोन थरांमध्ये दाबून बसवली तर परतवण्याचं तिचं काम संपलं.)

मग सगळं जुनं काढलं. आता प्रश्न जाडीचा. 5 सेंटिमीटर पफचा 10 केला तर बर्फ 20 किलोवरून 10 किलोवर येतो. पण 10 चा 15 केला तर आणखी फक्त तीनेक किलो वाचतात. आणि जागा? खणात सगळीकडून 5 सेंटिमीटर आत आलं, की 768 लिटरचे साधारण 540 लिटर उरतात. दाजी यावर चिडलेच. "अरे, बर्फ वाचवून मासे ठेवू कुठे?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून जुन्याच जागेत 5 सेंटिमीटर पफ भरला आणि जादा थर फक्त इंजिनाकडच्या भिंतीला दिला. तिथे पलीकडची हवा बरीच जास्त तापते, त्यामुळे तिथला प्रत्येक सेंटिमीटर जास्त कामाचा.

पफ दोन द्रवांचा येतो. मिसळले की फुगतो आणि तापतो. एकदम ओतला तर फळ्या बाहेर ढकलतो, म्हणून थोडा थोडा ओतायचा. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. बोटीच्या पोटात बसून साध्या कापडी मास्कवर हे काम करू नका.

झाकण आणि पाण्याची नळी याकडे कोणी बघत नाही. झाकणाची रबरी पट्टी कडक झाली की हवा ये-जा करते. कागदाचा तुकडा झाकणात धरून ओढा, सहज सुटला तर पट्टी बदला. मासळीखालचं पाणी काढावंच लागतं, पण नळी सतत उघडी असेल तर जड थंड हवा खालून निघून जाते. नळीला बेसिनखाली असतो तसा वळसा द्या, त्यात पाणी अडून राहतं आणि हवा अडते.

आता चौथ्या दिवशी सकाळी बर्फ शिल्लक असतो. तळाची एक फळी मात्र अजून पूर्ण वाळलेली नाही, आणि ओल्या लाकडावर फायबरग्लास धरत नाही. मासेमारी बंदी 1 जूनला सुरू होते आणि काही दिवसांत पाऊस येतो, म्हणजे बोट किनाऱ्यावर आली तरी ऊन मिळत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी दाजी मेमध्येच आठवडाभर आधी बोट वर ओढणार आहेत. तेवढ्या दिवसांची मासळी जाईल, हे ते मला रोज ऐकवतात.