झाडाला करवत लावण्याआधी परवानगीचा कागद हवा
घर, मशीद, कब्रस्तान आणि शेतातल्या झाडांबाबत काय नियम आहेत?

शब-ए-बरात जवळ आली की कब्रस्तानांत साफसफाई सुरू होते. काटेरी झुडपं निघतात, वाटा मोकळ्या होतात, भिंतींना चुना लागतो. मागे एकदा अशाच सफाईच्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका कब्रस्तानात पोरं करवत घेऊन आली. भिंतीलगतची जुनी चिंच शेजारच्या पत्र्याच्या घरावर झुकली होती. शेजारी दोन पावसाळे तक्रार करत होता आणि त्याची भीती खोटी नव्हती. "सवाबचं काम आहे, तासाभरात होऊन जाईल," असं सगळ्यांचं म्हणणं. तेवढ्यात एका वयस्कर चाचांनी विचारलं, "बाबांनो, परवानगीचा कागद कुठंय?"

करवत थांबली. आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण आम्ही शिक्षक. पण नेमकं उत्तर आम्हालाही देता आलं नाही. नंतर विचारपूस केली, कायदा वाचला. तीच माहिती इथे मांडतो आहोत.

झाड आपलं, मग परवानगी कशाला?

बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. जागा आपली, झाड आजोबांनी लावलेलं, मग विचारायचं कुणाला? पण महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. खाजगी अंगणातलं झाडसुद्धा त्यात येतं. मालक असलात तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. मोडलं तर दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे.

'तोडणं' या शब्दाचा अर्थही कायद्यात मोठा आहे. झाड जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हेही त्यातच धरलं जातं. म्हणजे बुंध्यात ॲसिड ओतायचं, साल सोलून झाड वाळवायचं आणि मग "आपोआप मेलं" म्हणायचं, ही पळवाट नाही. फांद्या छाटायच्या असतील तरी आधी विचारूनच छाटाव्यात. छाटणीच्या नावाखाली नुसता बुंधा उरला तर ती छाटणी राहत नाही.

२०२१ मध्ये या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला आता वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तोडण्याची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. साठ वर्षांचा कडुनिंब गेला तर साठ झाडं! आपल्या जुन्या मोहल्ल्यांतले, मशिदींच्या सहनातले कितीतरी निंब आणि चिंचा या वयाच्या आहेत.

आधी बघा : शहर की गाव?

जालना शहरात २०२३ पासून महानगरपालिका आहे. तिथे उद्यान विभागात जाऊन वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा. अंबड, भोकरदन, परतूर इथे नगरपरिषदेत जायचं. बदनापूर, जाफराबाद, मंठा, घनसावंगी इथल्या लोकांनी नगरपंचायतीत आधी विचारून घ्यावं.

खेड्यात आणि शेतात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याला ठरावीक झाडांची यादी जोडलेली आहे. साग, चंदन, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही झाडं त्यात आहेत. बांधावरचा आंबा असो की विहिरीजवळचा साग, तोडण्याआधी तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारायचं. आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली मोसंबी या यादीत नाही, त्यामुळे वाळलेली बाग काढणाऱ्या शेतकऱ्याला या यादीची अडचण येत नाही. मात्र लाकूड गाडीत भरून नेण्याचे नियम वेगळे असतात. त्याचा पास लागतो का, हे वनखात्यात आधीच विचारा. नाहीतर झाड आपलं, पैसे आपले आणि गाडी अडकलेली, असं होतं.

अर्जात काय लिहायचं?

अर्ज साधा असतो, एजंट लागत नाही.

• झाड कोणतं आहे, कुठे आहे, साधारण वय किती.
• जागेचा सर्व्हे नंबर आणि झाडाची जागा दाखवणारा नकाशा.
• तोडायचं की छाटायचं, आणि का.
• जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो.

अर्ज दिला की पोच घ्या. सही-शिक्क्याची प्रत जपून ठेवा. मग पाहणी होते. तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. यात वेळ जातो, म्हणून घराचा स्लॅब टाकायच्या आठवड्यात अर्ज करू नका. नकाशा मंजुरीच्या वेळीच झाडाचा विचार करा. "रात्रीतून उडवून टाकू, सकाळी कोण विचारतंय," असं सांगणारा ठेकेदार मजुरी घेऊन निघून जातो. नोटीस येते ती मालकाच्या नावावर.

कब्रस्तान, दर्गा आणि मशीद

वक्फच्या जागेलाही झाडांच्या नियमांत सूट नाही. उलट इथे जबाबदारी दुहेरी आहे. एक, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. दोन, कमिटीचा लेखी ठराव, कारण झाड आणि त्याचं लाकूड ही वक्फची मिळकत आहे, मुतवल्लीची किंवा कुणा सदस्याची नव्हे. लाकूड विकलं तर पैशाचा हिशोब वहीत यायला हवा. शंका असेल तर वक्फ मंडळाला पत्र द्यावं. त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. पाणचक्कीच्या आवारातला तो प्रचंड वड आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाच असेल.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. आपल्या भिंतीलगतचा वड किंवा पिंपळ शेजाऱ्याच्या श्रद्धेचा असू शकतो. न विचारता करवत लावली तर झाडाचा विषय झाडापुरता राहत नाही. हातात परवानगी असेल आणि शेजाऱ्याशी आधी बोलणं झालं असेल, तर अफवेला जागा उरत नाही.

धोका आजच असेल तर?

वादळात झाड कललं, फांदी तारेवर आली, तर स्वतः चढू नका. तारेसाठी महावितरणला आणि झाडासाठी अग्निशमन दल व पालिकेला फोन करा. फोटो काढा, लेखी कळवा. धोकादायक झाडासाठी कायद्यात वाट आहे, फक्त ती कागदावरून जाते.

त्या चिंचेचं काय झालं? कमिटीनं ठराव केला, अर्ज दिला, पाहणी झाली. अख्खं झाड तोडायची गरजच नाही, असं निघालं. पत्र्याकडे झुकलेल्या दोन फांद्या छाटण्याची परवानगी मिळाली. शेजारी निर्धास्त झाला आणि मय्यतीला येणाऱ्यांची सावलीही टिकली. परवानगीच्या कागदाची झेरॉक्स कमिटीच्या फाइलमध्ये लावलेली आहे. झाड लावणं आपल्याकडे सदका-ए-जारिया मानतात. आजोबांचा तो सदका आपल्या हातानं थांबवण्याआधी एक अर्ज करायला काय हरकत आहे?