नवें शालेय वर्ष व इंटरनेटवरील सावधगिरी

जून महिन्याचा मध्य आला, कीं महाराष्ट्रांतील शाळांचे दरवाजे उघडतात. विदर्भांत उन्हाच्या कडाक्यामुळें ते कांहीं दिवस मागाहून उघडतात, इतकेंच. नवीं पुस्तकें, वह्यांचीं वेष्टनें, छत्र्या व रेनकोट यांची तयारी पूर्वीसारखीच चालते. परंतु अलीकडे या तयारीस एक नवें अंग फुटलें आहे, व त्याची वाच्यता मात्र फारशी होत नाहीं. वर्ग भरण्यापूर्वींच वर्गाचा व्हॉट्सॲप समूह भरतो. मुलाचें नांव, जन्मतारीख, घरचा पत्ता व छायाचित्र हीं कोणत्या ना कोणत्या फॉर्ममधून इंटरनेटवर जातात. २०२० च्या मार्च महिन्यांत कोविडच्या साथीमुळें शाळा बंद पडल्या व शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आलें. पुढें शाळा उघडल्या, पण पुष्कळ मुलांच्या हातांतला मोबाइल कांहीं परत गेला नाहीं. त्याबद्दल हळहळत बसण्यापेक्षां, सत्राच्या आरंभीं कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावें तें येथें सांगावें, असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम पासवर्डाची गोष्ट घेऊं. विद्यार्थ्यास शाळेच्या ॲपमध्यें शिरण्याकरितां जो पासवर्ड देतात, तो त्याच्या जन्मतारखेवरून बनविलेला असतो, असें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. सहा अंकांच्या जुळण्या एकंदर १० लाख होतात. पण ते सहा अंक म्हणजे एका शाळकरी मुलाची जन्मतारीख आहे हें ठाऊक असलें, म्हणजे वीस वर्षांच्या अवधींतल्या तारखा धरूनही सुमारें ७,३०० जुळण्याच शिल्लक राहतात. आणि ज्या वर्गमित्रानें त्याच्या वाढदिवसाचा पेढा खाल्ला आहे, त्याला तर एकाहून अधिक प्रयत्न करावाच लागत नाहीं! याच्या उलट, ६० हजार शब्दांचा एखादा कोश घेऊन, डोळे मिटून त्यांतले चार शब्द उचलावे व एकापुढें एक लिहावे. अशा जुळण्यांची संख्या १२ वर १८ शून्यें यांहूनही मोठी होते. ते चार विसंगत शब्द मुलांच्या ध्यानांत मजेनें राहतात, हा आणखी एक लाभ. मात्र एक पासवर्ड एकाच ठिकाणीं वापरावा. खेळाचा व शाळेचा एकच ठेवला, तर एक कुलूप फुटतांच दुसरेंही उघडतें.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. अमेरिका व कॅनडा येथील हजारों शाळांच्या नोंदी ‘पॉवरस्कूल’ नांवाच्या कंपनीच्या व्यवस्थेंत ठेविलेल्या असतात. २०२४ च्या डिसेंबरांत चोरलेल्या पासवर्डाच्या आधारें त्या व्यवस्थेंत शिरकाव झाला, आणि विद्यार्थ्यांचीं व शिक्षकांचीं नांवें, पत्ते, कित्येकांच्या आरोग्याच्या नोंदीसुद्धां बाहेर गेल्या. माहिती नष्ट करूं, या वचनावर विसंबून कंपनीनें खंडणी दिली. तथापि २०२५ च्या मे महिन्यांत कांहीं शाळांकडे पुन्हां धमक्या आल्याच. या प्रकरणीं ज्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला, तो अवघा १९ वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी होता. तेव्हां शाळांनीं जी माहिती मागण्याचें कारण नाहीं, ती मुळींच मागूं नये. जी घेतलीच नाहीं ती चोरीस जाण्याचें भय नाहीं.

या ठिकाणीं पालकांनीं आपला हक्क जाणून घेतला पाहिजे. आधार क्रमांकाच्या अभावीं मुलास शाळेंत प्रवेश नाकारतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत स्पष्ट केलें आहे. आधारची प्रत देणेंच झालें, तर केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशी झांकलेली प्रत सरकारी व्यवस्थेतूनच मिळते. संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यांत १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालकच गणला आहे, व त्याची माहिती हाताळण्यास पालकाची पडताळतां येईल अशी संमति आवश्यक ठरविली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. कायद्याचा अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा असला, तरी फॉर्म भरतांना ‘ही माहिती कशास हवी?’ असें विचारण्यास कोणाच्या अधिसूचनेची गरज नाहीं.

आतां छायाचित्रांविषयीं. शाळेच्या पहिल्या दिवशीं फाटकाशीं उभ्या केलेल्या मुलाचें छायाचित्र सर्वांस पाठविण्याचा मोह आईबापांस होतो, व तो स्वाभाविक आहे. पण त्या एका चित्रांत शाळेचें नांव, गणवेश, छातीवरील ओळखपत्र व पाठीमागें रिक्षाचा क्रमांक इतकें सारें येतें. शिवाय मोबाइल कित्येकदां चित्राच्या पोटांत, तें जेथें काढलें त्या जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवितो. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलें तर हे आंकडे गळून पडतात; दस्तऐवज म्हणून पाठविलें तर ते तसेच राहतात. कॅमेऱ्याच्या मांडणींत ही नोंद बंद ठेवणें क्षणाचें काम आहे.

इंस्टाग्रामादि ठिकाणीं १३ वर्षांची जी अट असते, तिचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. तेरावें वर्ष लागलें म्हणजे मूल तेथें जाण्यास योग्य झालें, असें कोणाही शिक्षणतज्ज्ञानें ठरविलेलें नाहीं. अमेरिकेनें १९९८ सालीं केलेल्या एका कायद्यान्वयें १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यास पालकांची संमति लागते. ती यातायात टाळण्याकरितां कंपन्यांनीं ही रेषा ओढिली. ऑस्ट्रेलियानें तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांचीं खातीं चालूं न देण्याचें बंधन मोठ्या कंपन्यांवर घातलें आहे.

इतका वेळ आम्हीं जें सांगितलें तें सोपें होतें. अवघड गोष्ट पुढेंच आहे. इंटरनेटवर कोणी एक अनोळखी व्यक्ति ‘मीही दहावींतच आहें’ असें सांगून ओळख करून घेते; चार दिवस गोड बोलते; मग एखादें खासगी छायाचित्र मागते; तें मिळतांच ‘पैसे पाठव, नाहीं तर हें तुझ्या सर्व मित्रांकडे जाईल’ अशी धमकी येते. हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें साध्या चेहऱ्यावरूनही खोटें चित्र बनवितां येतें, म्हणजे मुलानें कांहींएक न पाठवितांही हा प्रसंग ओढवूं शकतो. धमकी देणाऱ्याची सारी शक्ति मुलाच्या लाजेंत व एकटेपणांत असते. पैसे दिले तर मागणी थांबत नाहीं. उलट हा देतो, हें त्याला कळतें. म्हणून पैसे देऊं नयेत, संदेश पुसून टाकूं नयेत (कारण तोच पुरावा असतो), आणि त्याच दिवशीं घरीं किंवा शाळेंत सांगावें.

पण मूल सांगेल केव्हां? ‘आधीं मोबाइल इकडे दे’ हें ज्या घरांतलें पहिलें वाक्य असतें, तेथें तें बहुधा सांगत नाहीं. पूर्वीं कित्येक वसतिगृहांत मुलांस आलेलीं पत्रें अधीक्षक आधीं वाचीत व मग हातीं देत. त्यानें पत्रें थांबलीं नाहींत, तीं दुसऱ्या वाटेनें येऊं लागलीं! लहान मुलांवर देखरेख असावीच. पण मोठ्या मुलाचा प्रत्येक संदेश वाचण्यानें तें सुरक्षित होत नाहीं, लपविण्यांत तरबेज मात्र होतें, असें आमचें मत आहे.

तक्रारीसाठीं १९३० हा क्रमांक आहे. पैसे गेले असल्यास तेथें जितक्या त्वरेनें कळवावें, तितका ते वाटेंत अडविण्याचा संभव अधिक. संकटांतल्या बालकांकरितां १०९८ हा क्रमांक आहे. त्या सेवेचा आरंभ १९९६ सालीं मुंबईंत झाला. खासगी चित्र पसरण्याची भीति असल्यास ‘टेक इट डाउन’ या नांवाची, अमेरिकेंतील एका बालसंरक्षण संस्थेनें चालविलेली विनामूल्य सोय आहे. तींत मोबाइल त्या चित्रावरून एक लांब सांकेतिक संख्या काढतो. अंगठ्याच्या ठशावरून जसा मनुष्याचा चेहरा काढतां येत नाहीं, तसें या संख्येवरून चित्र पुन्हां उभें करतां येत नाहीं. चित्र मुलापाशींच राहतें. ठसा तेवढा या योजनेंत सामील झालेल्या कंपन्यांकडे जातो, व त्याच ठशाचें चित्र आपल्याकडे आढळल्यास त्या तें काढूं शकतात. मुलास नांवही सांगावें लागत नाहीं.

शाळेपुरतें बोलावयाचें, तर बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळल्यावर ती पोलिसांस देणें २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें बंधनकारक आहे. शाळेच्या नांवाला बट्टा लागेल म्हणून प्रकरण दाबणें हाच गुन्हा होय. त्याच कायद्यानें मुलाची ओळख वृत्तपत्रांत वा अन्यत्र प्रकट करण्यासही मनाई आहे, म्हणून शिक्षकांच्या खोलींतील गप्पांसही आवर हवा. प्रत्येक वर्गास पहिल्याच आठवड्यांत सांगून ठेवावें, कीं अशा वेळीं शाळेंत अमुक व्यक्तीकडे जावयाचें. आणि ती व्यक्ति, आमच्या मतें, शिक्षा करण्याचा अधिकार नसलेली असावी. वरील दोन्ही क्रमांक शाळेच्या रोजनिशींत, प्रार्थना व सुट्ट्यांची यादी असते त्याच पानावर छापतां येतील.